नातीला ‘हळू’ सांगितलं त्याची गोष्ट

माझं शिक्षण तिसरी. हे वहीत मी लिहिलं, नातीने काना-मात्रा तेवढ्या सरळ केल्या. दोन ठिकाणी ती शब्द बदलायला निघाली होती, तिथे मी वही ओढून घेतली.

नात म्हणजे माझ्या मोठ्या मुलाची मुलगी. इथे सुरतेत कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दहा किलोमीटर पळते. खानदेशातून आलेल्या आमच्या घरांतल्या पोरी शिकतात, नोकरीला जातात, पण पहाटे कॅनॉल रोडवर अर्धी चड्डी घालून पळणारी गल्लीत हीच पहिली. लोक बोलले. मी म्हटलं, बोलणाऱ्याने तिच्या मागे एक किलोमीटर पळून दाखवावं, मग बोलावं. कोणी आलं नाही.

अडचण वेगळीच होती. गेल्या वर्षी कॉलेजांच्या शर्यतीत ही सात किलोमीटर सगळ्यांच्या पुढे होती आणि आठव्यात रस्त्याच्या कडेला जाऊन बसली. डोळ्यांपुढे अंधारी. त्याच्या आधीच्या शर्यतीतही तेच. खेळाच्या सरांनी तिचं नाव संघातून काढलं. ती रडली नाही, माझ्यावर गेली आहे, पण आठ दिवस बूट दारामागे पडून होते.

मग तिच्या संघातली मैत्रीण घरी आली. ती व्याऱ्याकडची, आदिवासी, ख्रिस्ती. तिने सांगितलं की दर उन्हाळ्यात ख्रिस्ती लोक निलगिरीच्या डोंगरात कॉलेजच्या पळणाऱ्या मुलामुलींची चौदा दिवसांची छावणी भरवतात. कोणत्याही धर्माचं पोर चालतं. सर म्हणाले, जा. शेवटच्या दिवशी तिथे दहा किलोमीटरची शर्यत असते. ती न थांबता पुरी केलीस आणि तिथल्या गुरूने तसं लिहून दिलं, तर तुझं नाव परत घालतो. नाही तर पुढचं वर्ष शेवटचं, मग कॉलेज संपलंच.

घरात विचार सुरू झाला. मी म्हटलं, मी बरोबर जाणार. पोरीला तिकडे नेऊन काय शिकवतात, कोणाच्या पाया पडायला लावतात, मला बघायचं आहे.

बायको आमच्या अहिराणीत म्हणाली, “पोर पळी, तुम्हीन तठे काय करशात?”

“राखण.”

“तुम्हले ऐकू येत नही, राखण करतस.”

ऐकू येत नाही हे खरं आहे. मी एक्केचाळीस वर्षं कापडाच्या लूमवर काढली, आधी सुरतेच्या पांडेसरा भागात, मग सचिन गावाला. आमच्या खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, आवाज असा की शेजारचा कानात ओरडला तरी कळत नाही. म्हणून आम्ही कारागीर हातानेच बोलतो. दोन्ही चिमटी ताणून सोडल्या की धागा तुटला. मिशीला पीळ दिल्यासारखं केलं की शेठ आला. मूठ छातीशी धरून दोनदा हलवली की जोर लाव. उघडा तळवा खाली दाबला की हळू, घाई नको. माझे कान गेल्यावर घरचेही माझ्याशी तसेच बोलायला लागले. नात तर बाराखडीच्या आधी हे शिकली. तिच्या प्रत्येक शर्यतीत मी वळणावर उभा असतो आणि ती समोरून आली की मूठ हलवतो. ती माझ्याकडे बघते आणि पाय उचलते.

तर आम्ही तिघं निघालो, त्या दोघी आणि मी. दीड दिवस रेल्वे, मग बस. बस डोंगरावर वळत वळत चढली, आणि वर पोचलो तर मे महिन्यात तोंडातून वाफ. मी मफलर आणला होता. दोघींनी आणला नव्हता, रेल्वेत माझ्या मफलरला हसल्या होत्या. संध्याकाळी आळीपाळीने तोच मागत होत्या.

मला वाटलं होतं, सगळे इंग्रजी बोलतील आणि मी भिंतीकडे बघत बसेन. पण छावणीचा गुरू दारातच म्हणाला, “या बाबा. लई लांबून आलात. चहा घेता का?” नगर जिल्ह्यातला निघाला. त्यांच्या चर्चचा पाळक, म्हणजे आपल्याकडचे महाराज म्हणा, आणि तरुणपणी मोठा पळणारा. माझ्याएवढाच म्हातारा, पण अंगावर मांस नावाला नाही. पाहुण्यांची सोय नव्हती, तरी त्याने मला ठेवून घेतलं. म्हणाला, “काम करावं लागंल. पाणी पाजायचं आन स्वयंपाकघरात हात लावायचा.”

मी म्हटलं, “कामाला मी कधी नाही म्हटलेलं नाही.”

त्याने समजावलं की इथे हवा पातळ आहे, श्वासात कमी पडते. चौदा दिवस इथे पळून शरीर सवय लावून घेतं, मग खाली गेल्यावर दम पुरतो. मी म्हटलं, हवा कशी पातळ असेल, ताक पातळ असतं. आणि दाखवायला म्हणून पाण्याची बादली उचलून चढावर निघालो, पोरांच्याही पुढे. पन्नास पावलं गेलो असेन. मग खाली बसलो आणि पायाशी काहीतरी बांधतो आहे असं केलं.

पाळक मागून येऊन उभा राहिला. “नाडी सुटली का बाबा?”

“हो.”

माझ्या पायात चपला होत्या. तो बादली उचलून पुढे गेला.

सकाळी पळण्याच्या आधी हॉलमध्ये त्यांची प्रार्थना असे. गिटारवर गाणी म्हणत. मी बाहेर कठड्यावर माझी माळ घेऊन बसायचो आणि खिडकीतून नातीवर नजर ठेवायचो. मला आत बोलावलं तर काय बोलायचं हे मी घरूनच ठरवून आलो होतो. आम्ही सप्तशृंगीचे, आमचं आम्हाला पुरे, असं. पण एक दिवस झाला, दोन झाले, सहा झाले, कोणी बोलावेचना. नकार तयार आणि विचारणारा नाही, याने माणूस फार चिडतो. शेवटी मीच पाळकाला विचारलं, “मला आत का बोलावत नाहीत?”

तो म्हणाला, “तुम्ही बाहेर जप करताय. मधी कशाला बोलायचं?”

रविवारी मी आपणहून आत गेलो आणि जमिनीवर मांडी घालून बसलो. नातीने लांबून मिशीला पीळ देऊन दाखवलं. मी तिला बोटाने दटावलं. नातीला कोणी कोणाच्या पाया पडायला लावलं नाही. धीराने पळण्याबद्दल त्यांच्या पोथीतलं काहीतरी वाचलं, ते मला निम्मं ऐकू आलं. गाणं बरं होतं.

पण पळण्याचं काही ठीक चाललेलं नव्हतं. पाळकाचा हुकूम होता की रोज गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने पळायचं. बाकीची पोरं तसं करायची. आमची पहिल्या वळणालाच पुढे निघून जायची आणि परत येताना तोंड पांढरं. दोनदा थांबून चालत आली. मैत्रीण ओरडायची, “धीमे, बेन, धीमे”, आणि ही ऐकायची नाही.

दहाव्या दिवशी पाळक आणि मी कांदे चिरत होतो. मी घरून कळण्याचं पीठ आणि मिरचीचा ठेचा नेला होता. आदल्या दिवशी त्याला भाकरी करून घातली, त्यामुळे तो माझ्याशी मोकळा झाला होता. मी त्याला लूमचं सांगत होतो. आठ मशिनी सांभाळायचो, लोक सहा मशिनींतच थकायचे. नवा पोरगा आला की धागा तुटला तिकडे पळत जायचा, तिथून दुसरीकडे पळत. दुपारपर्यंत त्याची जीभ बाहेर आणि कापडात भोकं.

“पळणारा कारागीर कच्चा,” मी म्हटलं. “मी बारा तास एका चालीने चाललो. एक्केचाळीस वर्षांत एकदाही पळालो नाही. शेठ समोर असला तरी नाही.”

पाळकाने कांदा चिरायचा थांबवला नाही. “मग नातीला का पळवता?”

“म्हणजे काय? ती पळणारीच आहे.”

“काल तिनं पळताना वळणावर वर बघितलं. तुम्ही मूठ हलवली. मी बघितलं बाबा. माझं शंभर वेळा सांगून होत नाही ते तुमच्या एका मुठीनं होतं. तिला एकदा हळू म्हणा. तुमचंच ऐकंल.”

मला राग आला. मी म्हटलं, “माझी नात कोणाच्या मागे राहायला आलेली नाही,” आणि अर्धा कांदा तसाच टाकून उठलो. डोळ्यांत पाणी कांद्याचं होतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

त्यानंतर तीन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तो रोज सकाळी “काय बाबा” म्हणायचा आणि मी मफलर कानावर ओढायचो. पण कठड्यावर बसलो की माळ हातात तशीच राहायची. गल्लीत लोक काय म्हणतील याची मला इतकी फिकीर होती की ती पहिलीच यायला पाहिजे, पहिली नाही तर बोलणाऱ्यांना तोंड मिळेल. मी स्वतः लूमवर कधी कोणाला हरवायला चाललो नव्हतो. पाळी संपेपर्यंत उभं राहायचं, एवढंच माझं काम होतं. कबूल करायला मला तीन दिवस लागले. बायको म्हणते, तीनच का, घरी तर वर्षं लागतात.

चौदाव्या दिवशी शर्यत. दोन किलोमीटरचा फेरा, पाच वेळा. मुली एकोणीस. सुरुवातीला सगळ्यांनी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवले, पाळकाने प्रार्थना केली. मी सप्तशृंगीला सांगितलं. दोघांनी वर आपसात काय ते ठरवावं.

पाण्याचं टेबल चढाच्या वळणावर होतं आणि त्यावर मी होतो. पहिल्या फेऱ्यात नात सगळ्यांत पुढे. माझ्यासमोर आली, माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हातांत पेले धरून ठेवले, म्हणजे हाताने काही करायला नको. दुसऱ्या फेऱ्यातही पुढेच, पण खांदे वर आलेले, तोंड उघडं. ते तोंड मी गेल्या वर्षी रस्त्याच्या कडेला बघितलं होतं. ती परत माझ्याकडे बघत होती, मूठ कुठे आहे म्हणून.

मी पेले खाली ठेवले आणि तळवा उघडून खाली दाबला. हळू.

तिला पटलं नाही. पळता पळता तिने भुवया वर करून विचारलं, काय? मी परत तळवा दाबला, दोनदा, जोरात, पेल्यातलं पाणी उडालं. ती वळणापलीकडे गेली.

तिसऱ्या फेऱ्यात आधी दुसरीच मुलगी आली. मग अजून एक. मग तिघी, मग अजून तिघी. माझी नात कोणाच्या मागून येते आहे, हे मी आयुष्यात पहिल्यांदा उभं राहून बघत होतो आणि मला ते अजिबात आवडत नव्हतं. ती नववी आली. पण तोंड मिटलेलं होतं, नाकाने श्वास चालला होता. माझ्याकडे बघून तिने मिशीला पीळ दिला.

पाळक कधी शेजारी येऊन उभा राहिला मला कळलं नाही. मी म्हटलं, “नववी आहे.”

“बघितलं.”

“तुम्हाला आनंद झाला असेल.”

“झाला,” तो म्हणाला आणि पेले भरायला लागला.

चौथ्या फेऱ्यात पहिल्या पाचांतली एक चालत आली. आमची मैत्रिणीबरोबर पळत होती, दोघी काहीतरी बोलत होत्या. शर्यतीत गप्पा मारणारी पोरगी मी तोपर्यंत बघितली नव्हती. पाचव्याच्या शेवटच्या चढावर तिने मैत्रिणीला मागे टाकलं आणि आठवी आली. रेघ ओलांडून ती उभी राहिली. बसली नाही, वाकली नाही. माझ्याजवळ चालत आली आणि म्हणाली, “आबा, पाणी द्या. आणि आता मूठ हलवली असती तरी चाललं असतं.”

पाळकाने कागदावर लिहून दिलं की हिने दहा किलोमीटर न थांबता पुरे केले. इंग्रजीत होतं, म्हणून मी नातीकडून तीन वेळा वाचून घेतलं. निघताना त्याने मला विचारलं, पुढच्या उन्हाळ्यात याल का. मी म्हटलं, पाणी पाजायला माणूस लागेलच. उरलेला ठेचा त्याला दिला. त्याने बरणी दोन्ही हातांनी घेतली.

सुरतेला आल्यावर सरांनी तिचं नाव संघात घातलं. आता विद्यापीठाच्या शर्यतीसाठी ती रोज पहाटे कॅनॉल रोडवर सराव करते आणि मी पुलाजवळच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, बसतो. आमच्या गल्लीतले दोन-चार म्हातारे तिथेच असतात, सगळे माझ्यासारखे लूमवरून उतरलेले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी एकाने विचारलं, मला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्याने, “काय मग, डोंगरावर पोरगी कितवी आली?”

त्याला माहीत होतं की मी पहिलीशिवाय दुसरा आकडा सांगत नाही.

“आठवी,” मी म्हटलं.

“आठवी?”

“एकोणिसात आठवी. आणि उभी होती.”

तो हसायला लागला. तेवढ्यात नात कॅनॉलवरून येताना दिसली, एका चालीने, तोंड मिटून. मी चहाचा कप डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताचा तळवा खाली दाबला. हसणारा लूमवर बत्तीस वर्षं होता, त्याला खूण कळत होती. त्याने हसणं सोडलं आणि तिच्या पायांकडे बघत राहिला.