डोक्याची दुसरी फिल्म

आमचा दादा आजारी पडला तोही थाटात. कंबर धरून दारात उभा राहायचा, सगळे बघतायत याची खात्री करायचा आणि मग म्हणायचा, "मेलो रे!" आम्ही पोट धरून हसायचो. पुढे तो इतका वाळला की आमचं हसू आटलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दादा भोसरीच्या एका कारखान्यात ओतीव भागांचे एक्स-रे वाचायचा. धातू ओतताना आत हवा अडकली तर पोकळी राहते आणि फिल्मवर काळा गोल डाग दिसतो. पोकळीची खात्री झाली की दादा त्या भागावर खडूने फुली मारणार आणि तो भाग परत भट्टीत जाणार.

पुण्यातल्या डॉक्टरांनी त्याच्या अंगातल्या झाडून सगळ्या हाडांचे एक्स-रे काढायला लावले. मी आणि वहिनी सोबत गेलो होतो. वहिनीला बाहेर बसवून डॉक्टरांनी कवटीची फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली. कवटीभर काळे गोल डाग, कोरून काढल्यासारखे.

"हाडांच्या आतल्या मगजाचा, अस्थिमज्जेचा कॅन्सर वाटतोय," डॉक्टर म्हणाले. "हाडातला थोडा मगज काढून तपासू. पण फिल्म बरंच सांगतेय."

दादाने उठून फिल्मला जवळजवळ नाक लावलं.

"साहेब, हे शिंतोडे आहेत."

"कसले?"

"डेव्हलपरचे, फिल्म धुतात त्या रसायनाचे. धुण्याआधी फिल्मवर थेंब उडाले की अस्सेच डाग पडतात. दुसरी काढा. आणि जॉब जरा वळवून ठेवा."

"जॉब?"

"माझं डोकं हो!"

डॉक्टर हसले आणि तयार झाले. माझ्या तर अंगात वारं शिरलं. दादाच्या कारखान्यात एका फिल्मवरून कुठलाच भाग, म्हणजे त्यांच्या भाषेत 'जॉब', बाद करत नसत. भाग वळवून दुसरी फिल्म घ्यायचे. डाग गेले तर दोष पहिल्या फिल्मचा. भागाबरोबर डागही वळले तर दोष आतला.

फिल्म धुऊन येईपर्यंत मी ओळखीच्या सगळ्या देवांना नवस बोललो. ते पुरेनात म्हणून शेजाऱ्यांच्या देवांनाही बोललो. कुणाला नारळ, कुणाला बोकड. मी स्वतः अंडंसुद्धा खात नव्हतो. त्या अंधाऱ्या खोलीत कुणाचा तरी हात हलला असू दे, थेंब उडाले असू देत, एवढंच मागणं. माणसाच्या गबाळेपणासाठी इतकी कळकळीची प्रार्थना देवांनी त्याआधी ऐकली नसेल.

फिल्म ओलीच आली. दादाने ती कोपऱ्यांना धरून खिडकीच्या उजेडात उचलली. मीही पाहिलं. डोकं वळलं होतं आणि डाग त्याच्याबरोबर वळले होते. एकही मागे राहिला नव्हता. फिल्मचं पाणी दादाच्या बाहीत उतरत होतं, तरी त्याचे हात खाली येईनात.

वहिनी दारात आली. "काय हो? काय आलं?"

"पास!" दादा खणखणीत आवाजात म्हणाला. "पहिल्या फिल्मवर धुणाऱ्याने शिंतोडे उडवले होते."

वहिनीने डोळ्यांना पदर लावला, मग हसली, मग त्या न पाहिलेल्या फिल्म धुणाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या. "मुडद्याने जीव काढला असता आमचा! भावजी, हसताय काय?"

मी हसत होतो खरा. थांबता येत नव्हतं.

जिन्यापाशी दादाने एक पाय खालच्या पायरीवर टाकला आणि कठडा गच्च धरला. दुसरा पाय उचलेना. ओठ पांढरे पडले. वहिनीने त्याच्या काखेत हात घातला, त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग यांना एक पायरीसुद्धा का उतरवत नाही?"

मी दादाची दुसरी बाजू धरली आणि खाली पायऱ्यांकडे बघत राहिलो.