हैदराबाद ते बिरसी: एकदा उडून, एकदा हाका मारत

हैदराबादच्या विमानतळापासून गोंदियाचं बिरसी विमानतळ हवेतून पाचशे किलोमीटरच्या आसपास. दीड तासाचा खेळ. रस्त्याने गेलात तर सातशेच्या घरात, म्हणजे अख्खा दिवस आणि कंबरेची वाट. आई माझ्याकडे हैदराबादला वारली तेव्हा मी हाच हिशोब केला आणि अस्थी घेऊन विमानात बसलो.

बिरसीला उतरणार असाल तर गाडी आधीच सांगून ठेवा. गोंदिया, गोरेगाव, देवरी करत आमच्या चिचगडला पोचायला तीनेक तास लागतात. गोरेगावात आलूबोंडा खाऊन घ्या, पुढे जंगलच आहे.

घरी पोचलो त्या संध्याकाळी मावशीने आईच्या खोलीत तांदळाचं पीठ पसरलं आणि वर मोठी टोपली पालथी घातली. गेलेलं माणूस घरी पोचलं की पिठात पाऊल उमटतं, असं आमच्याकडे मानतात. मी मनातल्या मनात हसलो. सकाळी टोपली उचलली तर पीठ कोरं.

"वाटेत हाक मारली का तिले?" मावशीने विचारलं.

"विमानात कुठे हाक मारू?"

"मंग थे तिथंच उभी असन. तू तं उडून आला, तिले रस्ता कोन दाखवन?" मावशी रडायलाच लागली. "जिथून उडला तिथून आन. दर पुलावर बलाव."

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण आई विमानतळाच्या काचेच्या दाराशी पिशवी सांभाळत ताटकळली आहे, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. परत हैदराबादला गेलो, स्वतःची गाडी काढली आणि विमानतळाच्या दारात उभं राहून म्हणालो, "आई, चल." सुरक्षारक्षक बघतच राहिला.

रस्ता उत्तम आहे, टोलनाके मात्र भरपूर. गोदावरीवर मी पुटपुटलो. पैनगंगेवर जरा मोठ्याने. त्यानंतर मागच्या सीटकडे आरशात बघणं टाळलं. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू?

भंडाऱ्याला वैनगंगेच्या पुलाशी शिंगाडे विकणारी बाई म्हणाली, "कोनाले बलावून राहिला, भाऊ?"

"आईला. वारली ती."

तिला नवल वाटलं नाही. "मंग जोरानं बलाव ना. एवढ्या ट्रकांत थे काय आयकन?"

लाज सोडली आणि नदीकडे तोंड करून ओरडलो, "आई, चल घरी!" त्याच क्षणी पुलावरचा वारा पडला. मी गाडीत बसलो आणि देवरीपर्यंत कुठेही थांबलो नाही.

त्या रात्री मावशीने पुन्हा पीठ पसरून टोपली घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी पिठात पावलं होती. डाव्या पावलाला करंगळी नव्हती. आईची ती करंगळी धान कापताना विळ्याने तुटली होती. मी मटकन खाली बसून रडलो. मावशी मात्र वाकून बघतच होती. आईच्या पावलांमागे आणखी एक जोडी होती. लहान, बोटाला जोडव्याची खूण.

"नावानं बलावलं होतं ना तिले?"

"आईला नावाने कोण हाक मारतं, मावशी? आईच म्हटलं."

"आई तं कोनाचीबी रायते, बापू." मावशीने दाराकडे पाहिलं, मग दोन पत्रावळी मांडल्या. "आली थे आली. भुकी कायले ठेवाची?"

आता हैदराबादला परतलोय. आई घरी पोचली, त्यामुळे झोप लागते. पण कुठल्याशा पुलावर कुणीतरी आपल्या आईला नाव घेऊन बोलावत असेल, घसा बसेपर्यंत. ती चिचगडला आमच्याकडे जेवली, हे त्याला कळवायचं कसं?