तात्यांनी हात लावला नाही

परतूरहून मुंबईला निघालो तेव्हा माझा डावा पाय बरा होत आलाय, अशी आम्हा दोघांची समजूत होती. दोन महिन्यांपूर्वी शाळेत शिकवून परतताना मी स्कूटरवरून पडलो होतो. गुडघा दुखावला, पाय पाच आठवडे प्लास्टरमध्ये राहिला. प्लास्टर निघाल्यावर गुडघा वाकेना आणि पोटरी सुजू लागली. माझी बायको सुमन रोज संध्याकाळी तिळाचं तेल कोमट करून अर्धा तास पोटरी चोळायची. दुखायचं, पण चोळण्यानं दुखणारच, असं आम्ही धरून चाललो होतो. लालबागला राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा, विनायकचा, फोनवर एकच धोशा होता: गिरगावात तात्या म्हणून एक मालीशवाले आहेत, त्यांनी माझा खांदा मोकळा केला, तू ये.

सकाळी दादरला उतरलो. टॅक्सी लालबागेत शिरली तशी भाजलेल्या मिरच्यांचा खकाणा नाकात गेला आणि आम्ही दोघंही शिंकू लागलो. मसाल्याच्या दुकानांमागे कौलारू चाळी, चाळींच्या डोक्यावर काचेचे उंच मनोरे. विनायकची खोली तिसऱ्या माळ्यावर (मजल्याला इथं माळा म्हणतात). चढताना मला चार वेळा थांबावं लागलं, धाप लागली. दोष जिन्याला दिला. वहिनी मालवणकडच्या. त्यांनी घावणे (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि ओल्या नारळाची चटणी पुढं ठेवली. सुमननं कृती विचारून घेतली. त्या दिवसातलं शांत असं तेवढंच.

दुपारी विनायक आम्हा दोघांना गिरगावला घेऊन गेला. तात्यांची खोली तळमजल्यावर, एका जुन्या तालमीला लागून. माणूस सत्तरीचा, आडवा, तळहात रुंद. मला बाकावर झोपवून त्यांनी दोन्ही पोटऱ्यांवर उलटा हात ठेवला आणि तसेच थांबले. मग कोनाड्यातून सुतळी काढून उजव्या पोटरीभोवती गुंडाळली, जिथं टोक आलं तिथं गाठ मारली. तीच सुतळी डाव्या पोटरीला लावली. टोक गाठीपर्यंत पोचेना, तीन बोटं अंतर राहिलं.

"मास्तर, मी हात नाय लावणार," ते म्हणाले. "आणि तुम्ही आता चालू नका."

मला वाटलं, हे जास्त दिवसांचं काम सांगताहेत. पण त्यांनी विनायकला टॅक्सी दारात आणायला पिटाळलं होतं. मग दोघांनी खुर्चीसकट मला टॅक्सीपर्यंत उचलून नेलं. परळच्या मोठ्या इस्पितळात जायचं, पायात रक्त गोठलंय असं तिथं पहिल्या वाक्यात सांगायचं, हे तात्यांनी सुमनकडून दोनदा म्हणवून घेतलं.

परळला सोनोग्राफी झाली. छातीचंही सीटी स्कॅन केलं. तपासणारी डॉक्टर तरुण होती. पोटरीच्या शिरेत रक्ताची लांब गुठळी होती आणि तिचा एक बारीक तुकडा सुटून फुप्फुसात पोचला होता. धाप त्याची होती. मोठा तुकडा सुटला असता तर मी वाचलो नसतो, असं ती सरळ म्हणाली. मग तिनं विचारलं, "पाय कुणी चोळत होतं का?"

"मीच," सुमन म्हणाली. "रोज."

डॉक्टरनं ते लिहून घेतलं. मला मरणापेक्षा ‘रोज’ या एका शब्दाचा धक्का जास्त बसला. सुमननं दोन्ही हात पदराखाली घेतले. सहा दिवस मी तिथं होतो. ती पाण्याचा पेला माझ्या हातात देत नव्हती, बाजूच्या टेबलावर ठेवायची.

इस्पितळातून विनायककडे परतल्यावर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू होत्या आणि डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिली होती. दादरला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे जाऊ लागलो. गुडघ्याखाली टॉवेलची वळकटी ठेवून ती दाबायची, दहा मोजायचे, सोडायचं. एवढ्यानं मला घाम फुटायचा. एक दिवस बाईंनी सुमनला टाच धरायला सांगितली. ती उठून बाहेर गेली.

त्या संध्याकाळी मी तिला घेऊन तात्यांकडे गेलो. आभार मानायचे होते, पण खरं कारण ती होती. तात्यांनी चहा मागवला. तिनं काय काय केलं, ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाय, माझ्या हाताखाली एक माणूस गेला. भायखळ्याला भाजी विकायचा. अशीच पोटरी होती. मी जोर लावून चोळली, तो उठून बसला, आणि गेला."

खोलीत आम्ही तिघंच होतो. ज्यानं मला वाचवलं, तो हे पोटात ठेवून रोज माणसांना हात लावत होता.

पुढं ते सांगत गेले. वर्षभर त्यांनी धंदा बंद ठेवला. डॉक्टरांच्या दारात बसून कारण विचारून घेतलं: चोळल्यानं गुठळी सुटते. त्या भाजीवाल्याच्या बायकोलाही जाऊन सांगितलं. तिनं दार लावून घेतलं.

"माफी नाय मिळाली," ते म्हणाले. "पण तुझा माणूस जिता आहे. त्याची टाच धर."

दुसऱ्या दिवशी दादरला तिनं टाच धरली. बाई दहा मोजत राहिल्या.

महिन्याभरानं मी लालबागचे तिन्ही माळे न थांबता चढलो आणि आम्ही परतूरला परतलो. शेजारपाजारचे भेटायला आले. समुद्र पाहिला का, मनोरे पाहिले का, असं विचारत होते. समुद्र आम्ही पाहिलाच नव्हता. मी काहीतरी गुळमुळीत सांगू लागलो, तर सुमन मध्येच म्हणाली, "माझ्या हातून हे जाणार होते. तिथं एकानं मला वेळेत थांबवलं."

तिनं नजर खाली घेतली नाही. पायातली गुठळी कशी ओळखायची, ते सगळ्यांना सांगायला तिनं सुरुवात केली.