हरीच्या पाठीखाली

पोस्टिंगचा हुकूम आला तेव्हा मी रजेवर अंबरनाथला होतो. वडील फॅक्टरीत फिटर, दोन खोल्यांचं क्वार्टर. आईने विचारलं, "कुठे?" मी म्हणालो, "वर." ग्लेशियरवर जाणाऱ्याने घरी एवढंच सांगायचं असतं. तिने कपाटातून गोधडी काढली. मी ती परत कपाटात ठेवली. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती, मी हवलदार होतो आणि माझ्या हाताखाली चार माणसं घेऊन मला एका पोस्टवर चढायचं होतं.

पोस्ट म्हणजे तुम्हाला काहीतरी किल्ल्यासारखं वाटत असेल. दोन तंबू, एक खंदक, ऊब धरायला रॉकेलची शेगडी, तिला बुखारी म्हणतात, आणि रेडिओ सेट. आजूबाजूला बर्फ, खाली बर्फ. किती खोल, ते कुणी मोजलेलं नाही. तिथे माणसाला माती दिसत नाही, दगडसुद्धा क्वचित. पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली जाते. थंडी वरून येत नाही, खालून येते. अंगावर चार स्लीपिंग बॅगा ओढल्या तरी पाठ बर्फावर असेल तर पहाटेपर्यंत किडनी गारठून जाते.

म्हणून बिछाना लावायची आमची पद्धत ठरलेली होती. सगळ्यात खाली रेशनच्या खोक्यांचे पुठ्ठे. त्यावर पॅराशूटचं कापड. त्यावर फोमची मॅट, प्रत्येकाला एक. मग स्लीपिंग बॅग. ओले मोजे बदलायचे, कोरडे चढवायचे. बॅगेच्या आत तोंड घालून श्वास सोडायचा नाही, वाफेने आतलं अस्तर ओलं होतं आणि मग ते गोठतं. पाण्याची बाटली गरम करून पोटाशी घ्यायची. हे सगळं केलं की झोप लागायची असं नाही. पण सकाळी उठता यायचं.

रिटायर झाल्यावर मी उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एका फोमच्या दुकानाबाहेर सिक्युरिटीला लागलो. शेठ सिंधी, माणूस चांगला. हिवाळ्यात मनालीला कॅम्पिंगला जाणारी मंडळी मॅट घ्यायला येतात. शेठ मला आत बोलावतात, "इस फौजी से पूछो, बर्फ में सोया है." गिऱ्हाईक बोटाने मॅट दाबून बघतं, किती मऊ. मी सांगतो, मऊ म्हणजे गरम नव्हे. मऊ फोम अंगाच्या वजनाने चपटा होतो, पाणी पितो, आणि मग तुम्ही बर्फावरच झोपलेले असता. घट्ट घ्या, खाली पुठ्ठा घाला. ते मान हलवतात आणि मऊच घेतात. मग एखादा विचारतो, "काका, तिकडे मजा येत असेल ना?" काय डोंबलाची मजा. मी स्टुलावर परत जाऊन बसतो.

माझ्या चौघांत एक सिपाही हरी भोईर होता. बदलापूरजवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. गाव एका बाजूचं म्हणून आमचं जमलं. त्याला मॅटचं शास्त्र शिकवावं लागलं नाही. घरी भाताचा पेंढा अंथरून झोपायची सवय, भुईतून गारठा कसा चढतो ते त्याला ठाऊक. पुठ्ठे तोच सगळ्यात नीट लावायचा, एकावर एक, सांध्यावर सांधा येऊ न देता. बाकीचे त्याला चिडवायचे, "हरी, लग्नातली गादी घालतोयस काय?" तो म्हणायचा, "लग्न झालं तर गादी सासरा देईल. सध्या पाठ वाचवतो."

दुसरा म्हणजे नाईक बापू जाधव. माझ्याहून वयाने थोडा मोठा, घाटावरचा, देवभोळा. त्याच्या पिठ्ठूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, गंगाजलाची छोटी बाटली आणि कागदाच्या पुडीत वाळलेली तुळस असायची. त्याचे वडील इस्पितळात खाटेवर गेले होते. शेवटच्या क्षणी त्यांना खाली घेतलं नाही, जमिनीवर ठेवलं नाही, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. आपल्याकडे जाणाऱ्या माणसाला खाटेवर जाऊ देत नाहीत, भुईवर घेतात, तोंडात पाणी घालतात. बापू म्हणायचा, "माझा बाप अधांतरी गेला. तेव्हापासून घराला स्वस्थता नाही." मी ते ऐकायचो आणि सोडून द्यायचो. प्रत्येकाच्या घरात काहीतरी असतं.

पोस्टवर आम्हाला दुसरा महिना होता. हरीला खोकला सुरू झाला. आधी कोरडा, मग घशात पाणी खळखळल्यासारखा. ओठ निळे पडले. मी ओळखलं. फुफ्फुसात पाणी भरतं, हॅपो म्हणतात त्याला. इलाज तीनच. ऑक्सिजन, ऊब आणि खाली उतरवणं. खाली उतरवायला चॉपर लागतो, आणि त्या दिवशी वादळ सुरू झालं.

मी सेटवर बसलो, खालचा बेस लावला.

"अल्फा फॉर टायगर. एक कॅज्युअल्टी, हॅपो. चॉपर चाहिए. ओव्हर."

"टायगर. वेदर बंद है. पेशंट को बिठाके रखो, गरम रखो. ओव्हर."

"ऑक्सिजन एक सिलेंडर. ओव्हर."

"रॉजर. संभालके चलाओ. आउट."

मी पाचही जणांच्या मॅट गोळा केल्या. माझी, बापूची, बाकी दोघांची आणि हरीची स्वतःची, एकावर एक. हरीला वर घेतलं, पाठीला दोन पिठ्ठू लावून बसता केला. असा पेशंट आडवा करायचा नाही, पाणी वर चढतं. आम्ही चौघे रॉकेलच्या जेरीकॅनवर बसलो. ती रात्र तशीच काढली, कुणी कुरकुर केली नाही. सकाळी हरी मला म्हणाला, "हवलदार, तुम्ही कुठं झोपलात?" मी म्हटलं, "तू बोलू नकोस." तो हसला. दुपारपर्यंत सिलेंडर संपला, पण पोरगा धरून होता. मला वाटत होतं, वेदर उघडलं तर हा वाचतो. मला खात्री वाटत होती, आणि ती आजही वाटते. तेच माझ्या डोक्यातून जात नाही.

दुपारी वारा पडला. सेटवर आवाज आला, "अल्फा, हेलिपॅड साफ करो. कोशिश कर रहे हैं." मी दोघांना घेऊन बाहेर पडलो. उतरायची जागा बर्फाने बुजली होती, ती फावड्याने मोकळी करायला हवी होती. बापूला हरीजवळ ठेवला. त्याला सांगितलं, "बसता ठेव. बॅग उघडू नकोस. काहीही झालं तरी मला हाक मार."

"जी," तो म्हणाला.

हेलिपॅड साफ करून मी परत आलो तेव्हा तंबूत पाचही मॅट बाजूला व्यवस्थित रचून ठेवलेल्या होत्या. पुठ्ठेही काढले होते. हरी बर्फावर आडवा होता, सरळ, पाय जुळवलेले. त्याच्या ओल्या ओठांवर तुळशीचं पान होतं, शेजारी गंगाजलाची रिकामी बाटली. बापू उशाशी बसून नाव घेत होता.

मी म्हणालो, "हे काय केलंस?"

"त्याचा श्वास लागला होता. घरघर सुरू झाली होती. जाणार होता, हवलदार. खाली घेतला."

"हाक का नाही मारलीस?"

"तुम्ही घेऊ दिलं नसतं."

खरं होतं. मी घेऊ दिलं नसतं. मी त्याच्या कानफटात मारली. त्याने हात वर केला नाही. हरी अजून श्वास घेत होता. आम्ही त्याला उचलून पुन्हा मॅटवर बसवला, बॅगेत घातला, मी स्वतः त्याची पाठ माझ्या छातीला लावून बसलो. त्याची पाठ ओल्या फरशीसारखी गार लागली, कपड्यांतून लागली. मी चोळत राहिलो. चॉपरचा आवाज आला तेव्हा मी म्हटलं, "आला बघ, हरी." तो गेला होता. केव्हा गेला ते मला कळलं नाही. चॉपरमध्ये आम्ही बॉडी चढवली.

पुढे डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित तसाही गेला असता. कदाचित. हा शब्द डॉक्टरांना परवडतो. मी मेजर साहेबांना झालं ते सगळं सांगितलं. बापूची दुसऱ्या कंपनीत बदली झाली आणि त्याचं हवलदार होणं राहून गेलं. तो काही वाईट माणूस नव्हता, हे मला कळतं. घरच्या माजघरात जे पुण्याचं काम, ते त्याने बर्फावर केलं. जमीन म्हणून त्याने पोराला बर्फ दिला. कळतं, पण राग जात नाही. समोर आला तर मी आजही रस्ता बदलेन.

रजा मिळाल्यावर मी हरीच्या घरी गेलो. त्याआधी गावात हार-तुरे झाले होते. कुणीतरी मोठ्या माणसाने भाषण केलं होतं की हरी भारतमातेच्या कुशीत शांत झोपला. ते वाक्य लिहिलेला फलक अजून पारावर टांगलेला होता. कुशीत म्हणे. मला तो फाडून टाकावासा वाटला.

हरीची आई ओटीवर तांदूळ निवडत होती. मला पाट दिला.

"बस रं बाला. तू त्याच्यासंगं होतास ना?"

"होतो काकी."

तिने चहा टाकायला सुनेला, हरीच्या वहिनीला, सांगितलं. मग सुपातले खडे वेचत राहिली.

"येक इचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"लोक सांगतात, इमानातच गेला. वरच्यावर. हवेत." तिचा हात थांबला. "माजी रातची झोप गेलीय रं. खाटल्यावरनं खाली घेनारा कोन असंल का तिथं? पानी कोनी घातलं असंल?"

मी वाटेत बरंच ठरवून गेलो होतो. आम्ही त्याला कसा जपला ते सांगायचं, पाच मॅट, चौघांनी बसून काढलेली रात्र, सगळं. त्यातलं एक अक्षर तिला नको होतं.

"विमानात नाही गेला," मी म्हणालो. "पोस्टवरच. खाली घेतला होता काकी. पाणी घातलं, गंगेचं. तुळससुद्धा होती."

"तू घेतलास?"

"नाही. बापू जाधव म्हणून आमचा नाईक होता. त्याने घेतला."

तिने सूप बाजूला ठेवलं, दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मला नाही, बापूला. "त्याच्या पोराबालांचं चांगलं होवो. माज्या हरीला त्यानं भुई दिली. आई असून मला जमलं नाय ते त्यानं केलं. त्याला सांग, बदलापुरात त्याची येक आई हाय."

मी "सांगतो" म्हणालो. मी हरीला पुन्हा उचलून मॅटवर घेतलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. ती पहिल्यांदा नीट रडली, मोकळी रडली. सुनेने येऊन तिला धरलं.

मी उठायला लागलो तर तिने माझा हात धरून ठेवला. डोळे पुसले आणि विचारलं, "तिथली माती कशी हाय रं? दगडाळ हाय का?"

"नाही काकी," मी म्हणालो. "मऊ आहे. काळी. आपल्या शेतातल्यासारखी."