वाघोलीच्या अलीकडची केळी

"सगळ्या कंपनीला सांगता कुठल्या हॉटेलात जेवायचं. तुम्ही सवता तरी कवा आत पाय ठेवलाय का?" भामाबाई नवऱ्याला विचारत होती.

"न्हाई. आन् ठेवणारबी न्हाई. त्यांचा फुकटचा चहा पोटात गेला की मी त्यांच्याच बाजूनं बोलीन."

"मग चांगलं-वाईट कळतं कसं?"

"केळ्यावरनं."

मी शिरूरला त्यांच्याच ओट्यावर शेंगा फोडत होते. भांडण त्यांचं, हसू मला. या गोष्टीला बरीच वर्षं झाली.

भामाबाईचा नवरा जालिंदर माझा धाकटा भाऊ. रांजणगावच्या एका कंपनीची गाडी चालवायचा. इटलीचे पाहुणे यायचे, त्यांना आपलं तिखट सोसायचं नाही. मग त्यांच्या देशाचं जेवण मिळणाऱ्या पुण्याच्या हॉटेलात त्यांना न्यायचं. तिथलं एक ताट म्हणजे आमचा आठवड्याचा बाजार. जालिंदर बाहेर गाडीत बसून घरची भाकरी खायचा. पुढच्या सीटवर केळ्यांची फणी ठेवलेली असायची. परतताना पुण्याच्या वेशीवरची वाघोली यायच्या आत पाहुण्यानं केळं मागितलं, की ते हॉटेल कटाप. पाहुणा झोपला, की पैसे वसूल. ऑफिसातल्या अनुपमा मॅडम त्याच्या शब्दावरच पाहुणे पाठवायच्या.

मागच्या वर्षी त्याचे गुडघे धरले. पुण्याच्या फेऱ्या त्यानं माझ्या मुलाला, रविराजला दिल्या. पोराला कंपनीत चिकटवलं होतं त्यानंच. रविराज येऊन सांगायचा, "मामा, नदीकाठचं नवं हॉटेल एक नंबर. पाहुणे घोरत आले." जालिंदर तेच मॅडमना सांगायचा, स्वतः बघितल्यासारखं.

मग रविराजनं त्याच हॉटेलात माझ्या नातवाचा, साईचा, वाढदिवस केला. सगळं घर जेवलं. फोटो रविराजच्या मोबाईलच्या स्टेटसला लागले, त्यात मीपण, नवं लुगडं नेसून. मला वाटलं, पोरगं हौसेनं खर्च करतंय.

त्या हॉटेलच्या जेवणाबद्दल पाहुण्यांच्या तक्रारी मॅडमकडं आधीच आल्या होत्या. आता त्यांनी फोटो बघितले आन् जालिंदरला हळूच विचारलं, "मामा, तुम्हाला तिथून काही मिळतं का?"

त्या संध्याकाळी जालिंदर माझ्याकडं आला. रविराज दारातच म्हणाला, "मामा, पाहुणे आणतो म्हणून एक जेवण फुकट दिलं त्यांनी. सगळेच डायवर घेतात."

"घेऊ देत की. पण तू माझा शब्द कशाला इकलास?"

रविराज मोबाईल चाळत राहिला. जालिंदर माझ्याकडं वळला.

"आक्का, तूबी जेवलीस?"

"जेवले."

"कसं होतं?"

"घरी येऊन भाकरी खाल्ली."

तो जरा हसला. मी चहा ठेवला होता, तो न घेताच उठला. माझ्या घरचा चहा त्यानं आजवर कधी टाळला नव्हता.

महिनाअखेर वयानं त्याची नोकरी संपत होती. शेवटच्या संध्याकाळी एक पाहुणा पुण्याला न्यायचा होता, आन् तो म्हणाला, मीच नेतो. हॉटेल मॅडमनी मोबाईलवर शोधलं, त्याला विचारलं नाही. त्यानं शिरूरच्या स्टँडवरनं फणी घेतली, सीटवर ठेवली, बाहेर बसून भाकरी खाल्ली. परतताना वाघोली यायच्या आतच पाहुण्यानं केळ्यासाठी हात पुढं केला.

सकाळी तो गाडीची किल्ली द्यायला गेला.

"मॅडम, पाहुण्यानं केळी खाल्ली," एवढं सांगितलं आन् किल्ली नेहमीच्या खिळ्याला अडकवली.