बोबडे बोलण्यास मनाई

दुसऱ्यांच्या रूढी गोळा करीत गावोगाव हिंडणाऱ्या माणसाच्या ओसरीवर एक रूढी आपल्या पायांनी चालत आली, आणि नेमकी त्यालाच ती ओळखता आली नाही. आता यावर काय बोलावे? चहा घ्या, सांगतो.

निजामाचे राज्य होते. अणदूरच्या शाळेत मी उर्दूतून भूगोल शिकवीत असे. घरी मराठी, शेजारी गौराक्कांकडे कन्नड. आमची शांता दोन वर्षांची झाली, तरी तिचे बोल कोणत्याच भाषेत बसत नव्हते. माझी आई तिला 'मंमं' म्हणून भरवी, गौराक्का 'बा इल्ली' म्हणून जवळ बोलावीत, माझे विद्यार्थी 'क्या बेटी' करीत. पत्नीच्या जिवाला घोर लागला.

"अहो, पोर मुकी तर न्हाय ना राहणार?"

कारण शोधणे हा माझा धंदा. तीन भाषा, वर बोबड्या बोलांची भर. लेकराने धरावे तरी काय? मी नियम केला: शांतेसमोर फक्त शुद्ध मराठी. कोणी चुकले की मी ओठांवर बोट ठेवून म्हणे, "गप."

शुद्ध म्हणजे काय, हे घरात एकट्या मलाच ठाऊक. आईने "ये गं माजी चिमणी" म्हटले की गप. पत्नीने "जेवाया बसा" म्हटले की गप. चुकण्यापेक्षा न बोललेले बरे, म्हणून दोघी खुणांवर आल्या. कन्नड नको म्हटल्यावर गौराक्का रुसल्या आणि यायच्याच थांबल्या. घर चिडीचूप झाले. शांता होते तेवढे 'मंमं'देखील विसरली. जुने पुसले जात आहे, आता नवे उमटेल, असे मी पत्नीला समजावले. ती तोंड फिरवून रडली.

गल्लीने मात्र या शांततेचा निराळाच अर्थ लावला. माझे सासरे लोहाऱ्यास अंथरुणाला खिळलेले होते. गौराक्कांनी आडावर "काय झालं गं?" विचारले, तेव्हा शांता कडेवर होती म्हणून पत्नीने नुसता पदर डोळ्यांना लावला आणि घागर उचलून ती निघून आली. म्हातारा गेला, हे सिद्ध करायला गल्लीला आणखी पुरावा कशाला हवा?

दुसऱ्या दिवशी मी सोडून घरचे सगळे आडावर गेलेले असताना गौराक्का रुसवा सोडून आल्या. बरोबर शेजारणी. पिठलं-भाकरीचे ताट ओसरीवर ठेवून त्या मान खाली घालून बसल्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी भाकरी आणतात, हे मी स्वतः कितीतरी गावांत टिपून घेतले होते. पण आपल्या घरी सुतक नाही, एवढे मला पक्के माहीत होते. तेव्हा हा उशिरा बोलणाऱ्या मुलासाठीचा, कानडी मुलखातून आलेला विधी असणार. मी उत्साहाने मांडी घातली.

"अक्का, हे पहिल्या अपत्यासाठीच करतात का?"

"कुणासाठी बी करावं लागतंय, मास्तर. आज तुमच्या घरी, उद्या आमच्या."

"मग आम्ही भाकरी घेऊन कधी यायचं, तेवढं आधी सांगून ठेवा."

शेजारणींत चुळबुळ झाली. मी घास घेतला.

"पिठल्याला फोडणी नाही. मुद्दाम?"

"आज देत न्हाईत," गौराक्का सावकाश म्हणाल्या. "मास्तर, रडून घ्या. मनात ठिवू नये."

"रडायचंही असतं? आधी कोणी, बापानं की आईनं?"

"डोस्क्यावर परिणाम झालाय वो," मागची एक कुजबुजली.

तेवढ्यात पत्नी दारात आली, मागोमाग शांतेला कडेवर घेऊन माझी आई. ताट पाहिले, खालच्या माना पाहिल्या, आणि तिच्या हातची घागर सुटली. "माजे आप्पा!" म्हणून तिने जो हंबरडा फोडला, त्यात शेजारणींनीही सूर मिसळला. तेव्हा कुठे विधी कोणता ते माझ्या ध्यानात आले.

मी उठून खुलासा करू लागलो. "कोणाचेही निधन झालेले नाही. हा सर्वस्वी गैरसमज असून—"

ऐकतो कोण? मी आवाज चढवला. तशी आईच्या कडेवरची शांता माझ्याकडे वळली, ओठांवर बोट ठेवले आणि म्हणाली,

"गप."

शेजारणी रडणे सोडून तिच्याकडे पाहू लागल्या.

"मग गेलं कोण?" गौराक्कांनी विचारले.

"कुणी न्हाय गेलं," आई म्हणाली. "ह्याची अक्कल गेली. तिचं सुतक धरा."

पत्नी डोळे पुसत हसत होती. "आजून बोल गं माजी चिमणे, आजून बोल." गौराक्कांनी हात पसरले, "बा इल्ली." शांता झेपावली. मी कोणालाही दुरुस्त केले नाही.

तिच्या शब्दाबद्दल अभ्यासक म्हणून एवढेच नोंदवतो: उच्चार स्वच्छ होता, बोबडेपणाचा लेशही नव्हता. त्या घरात तेवढा एकच शब्द तिच्या कानावर सतत आणि स्पष्ट पडला होता.