दगडाखालचे खेकडे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट ठाऊक नाही — पण सांगतो.

भोसरीतल्या एका प्लेटिंग वर्कशॉपमध्ये मी सांडपाण्याच्या टाकीवर कामाला आहे. लातूरहून आलो तेव्हापासून हौसाअक्कांकडे भाड्याने राहतो. घरामागे ओढा आहे, पुढे इंद्रायणीला मिळणारा. अक्का रोज सकाळी त्यात उतरतात, एकेक दगड उचलून खाली खेकडे आहेत का बघतात. पिल्लं दिसली की पाणी बरं आहे. साठी उलटलीय, गुडघे कुरकुरतात, पण एक दिवस खाडा नाही. आमच्याकडे पाणी तपासायचं यंत्र आहे. तरी अक्कांइतकं पाणी कळणारं माणूस मी पाहिलेलं नाही. आणि त्यांच्याशीच मी —

थांबा, आधी कामाचं सांगतो. टाकीत चुना टाकायचा, विषारी धातूंचा गाळ तळाला बसेपर्यंत थांबायचं, मग पाणी ओढ्यात सोडायचा व्हॉल्व्ह उघडायचा. एवढंच माझं काम. त्या दिवशी शिफ्ट संपत आली होती. मालकाने सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. मला घरी जायची घाई होती — कसली घाई? आता आठवतही नाही. चुना न टाकताच मी व्हॉल्व्ह उघडला.

दुसऱ्या दिवशी अक्का मेलेल्या खेकड्यांची पाटी घेऊन आमच्या गेटवर उभ्या. मालकाने मला बोलावलं. मला बघून अक्कांचा जीव भांड्यात पडला.

"ह्यो आमचाच हाय," त्या मालकाला म्हणाल्या. "ह्यो खोटं न्हाई बोलायचा."

मी म्हणालो, "अक्का, ते पाणी आमचं नाही."

त्यांनी एका शब्दाने उलट विचारलं नाही. पाटी उचलली आणि वरच्या अंगाला गेल्या. तिथे गाड्या धुवायचं सेंटर आहे, त्यांच्या सख्ख्या भावाचं. भर चौकात त्याच्याशी भांडल्या. माणूस आपला म्हणून ओढा सोडून द्यायचा, हे त्यांना जमत नाही. ती हिंमत माझ्यात कधीच नव्हती.

दोन वर्षांनी दगडाखाली पुन्हा पिल्लं दिसली. पहिलं पिल्लू त्यांनी ओंजळीत घेऊन मलाच दाखवायला आणलं. केवढ्या हरखल्या होत्या. मीही हसलो.

भावाशी बोलणं मात्र तुटलं ते तुटलंच. तो समोरच्याच गल्लीत राहतो. भाऊबीजेला त्याच्या घरी जाणं अक्कांनी तेव्हापासून बंद केलंय. त्या दिवशी त्या मला पाटावर बसवतात आणि ओवाळतात.

यंदाही बसलो.